हलकी गाडी, भारी मजा! ‘स्विफ्ट’चे वेड वीस वर्षांनंतरही का ओसरत नाही?

हातमाग बनवणाऱ्या जपानी कारखान्यापासून कारध्याच्या वैनगंगा पुलापर्यंत : सुझुकीच्या छोट्या गाड्या स्वस्तही का आणि चालवायला मजेदारही का? महामार्गावर त्या किती सुरक्षित? आणि सेकंडहँड घेताना काय पाहावे?

पावसाळ्यात कारधा हे नाव बातम्यांत येते ते वैनगंगेच्या पाणीपातळीमुळे. वर्षाचे उरलेले आठ महिने हे गाव ओळखले जाते ते रस्त्यासाठी. नागपूरहून मौदा, भंडारा करत मुंबई-कोलकाता महामार्गाने निघाले की वैनगंगा ओलांडताच कारधा लागते. सरळ गेले तर लाखनी, साकोली, देवरी आणि पुढे रायपूर. उजवीकडे वळले तर पहेला, अड्याळ आणि पवनी. जवळच नदीवरचा ब्रिटिशकालीन जुना पूलही आहे.

या पुलाजवळ अर्धा तास उभे राहून चारचाकी मोजल्या, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. एमएच-३६ म्हणजे भंडारा, एमएच-३५ म्हणजे गोंदिया, एमएच-४० म्हणजे नागपूर ग्रामीण. नंबर प्लेट बदलतात, पण गाडीच्या मागे लावलेले इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे चिन्ह पुन्हा पुन्हा तेच दिसते. अल्टो, वॅगन आर, डिझायर, अर्टिगा आणि या सगळ्यांत स्विफ्ट.

स्विफ्ट भारतात आली मे २००५ मध्ये. तेव्हा जन्मलेली मुले आता स्वतः स्विफ्ट चालवतात. जून २०२४ मध्ये देशातील विक्रीने ३० लाखांचा टप्पा ओलांडल्याचे कंपनीने जाहीर केले. गाडीची चार रूपे येऊन गेली, डिझेल इंजिन बंद झाले, एसयूव्हीची लाट आली. तरीही ‘चालवायला मजा येते’ हे वाक्य या गाडीला चिकटले ते कायमचेच.

हे केवळ जाहिरातीचे यश आहे का? तसे नाही. या गाडीचा स्वस्तपणा आणि तिची मजा एकाच गोष्टीतून येतात. ती गोष्ट म्हणजे कमी वजन. आणि महामार्गावरचा सर्वांत अवघड प्रश्नही याच वजनाभोवती फिरतो.

सुरुवात गाडीपासून नव्हे, मागापासून

सुझुकीची मुळे वाहनउद्योगात नाहीत. जपानमधील हामामात्सु या शहरात मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये कापड विणण्याचे माग बनवण्याचा कारखाना सुरू केला. १९२० मध्ये त्याची कंपनी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मागांचा धंदा मंदावला आणि १९५२ मध्ये कंपनीने सायकलला जोडता येणारे ३६ सीसीचे छोटे इंजिन बाजारात आणले. ‘पॉवर फ्री’ असे त्याचे नाव होते. १९५५ मध्ये पहिली कार आली, ‘सुझुलाइट’. तिचे इंजिन होते ३६० सीसीचे, म्हणजे आजच्या बुलेटच्या इंजिनाएवढेच.

इतके लहान इंजिन का? कारण जपानमधील ‘केई’ गाड्यांचा नियम. युद्धानंतरच्या काळात सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी बनावी म्हणून सरकारने १९४९ मध्ये एक वेगळा वर्ग तयार केला. गाडीची लांबी-रुंदी आणि इंजिन ठरावीक मर्यादेत ठेवले की करात सवलत मिळे. इंजिनाची मर्यादा पुढे ३६० वरून १९७६ मध्ये ५५० सीसी आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली.

सुझुकीचे शिक्षण या शाळेत झाले. इंजिन मोठे करण्याची मुभाच नसेल, तर गाडी चपळ करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वजन कमी करणे. पत्रा कुठे वाचेल, बोल्ट कुठे कमी होईल, चाके टोकाला नेऊन आतली जागा कशी वाढेल, यावर कंपनीचे अभियंते अनेक दशके काम करत राहिले.

याचे पहिले मोठे फळ १९७९ मध्ये मिळाले. ‘अल्टो’ जपानमध्ये ४ लाख ७० हजार येन एवढ्या कमी किमतीत आली आणि तुफान खपली. तिच्यामागे होते ओसामू सुझुकी. मूळचे ओसामू मात्सुदा. सुझुकी घराण्यात लग्न करून त्यांनी ते आडनाव घेतले, १९५८ मध्ये कंपनीत आले आणि १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. खर्चातील पैसा न् पैसा मोजणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती.

पण काटकसर म्हणजे कंटाळवाणी गाडी नव्हे, हेही याच कंपनीने दाखवले. १९८७ च्या ‘अल्टो वर्क्स’मध्ये टर्बो बसवून साडेपाचशे सीसीच्या इंजिनातून ६४ अश्वशक्ती काढण्यात आली. पुढे जपानी कंपन्यांनी केई गाड्यांसाठी हाच आकडा आपसांत कमाल मर्यादा म्हणून पाळला. १९९१ मध्ये आलेली ‘कॅपुचिनो’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार होती. तिचे वजन अवघे ७०० किलोच्या आसपास होते.

जपानमध्ये हा विचार करणारी सुझुकी एकटी नव्हती. माझदाने १९८९ मध्ये आणलेली छोटी, उघड्या टपाची ‘एमएक्स-५’ याच तत्त्वावर जगभर गाजली. फरक इतकाच, की माझदाची ती मजा भारतीय रस्त्यांवर आली नाही. सुझुकीची आली आणि घराघरांत गेली.

भारतात ‘मारुती’ कशी आली?

संजय गांधी यांची मारुती लिमिटेड १९७१ मध्ये स्थापन झाली. लोकांची गाडी बनवण्याचे तिचे स्वप्न पूर्ण झाले नाही. पुढे सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेडची स्थापना झाली. परदेशी भागीदाराचा शोध सुरू झाला. अखेर २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी करार झाला. सुरुवातीला सुझुकीचा वाटा होता फक्त २६ टक्के.

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाला देण्यात आली. किंमत होती ४७,५०० रुपये.

तेव्हा रस्त्यावर होत्या अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी म्हणजे मराठी माणसाची ओळखीची ‘फियाट’. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे, शक्ती साधारण ४० अश्वशक्ती आणि वजन ९०० किलोच्या आसपास. मारुतीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. शक्ती जवळपास तेवढीच, पण वजन सुमारे ६५० किलो. म्हणजे तितक्याच ताकदीच्या इंजिनाला अडीचशे किलो कमी ओढायचे होते. चार मोठी माणसे उतरवून गाडी चालवावी, तसा हा फरक.

पुढची चाके ओढणारी रचना, हलका क्लच, सहज पडणारे गिअर, थंडीत एका चावीत सुरू होणारे इंजिन. अनेकांना, विशेषतः महिलांना, ‘ही गाडी आपल्याला जमेल’ असे पहिल्यांदा वाटले ते मारुती ८०० मुळे. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

मधल्या काळात कंपनीची मालकीही बदलली. २००२ मध्ये सुझुकीकडे बहुमताचा वाटा गेला, २००३ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली आणि २००७ मध्ये सरकार पूर्ण बाहेर पडले. त्याच वर्षी नाव झाले मारुती सुझुकी इंडिया लिमिटेड.

विशेष म्हणजे याच सुझुकीला अमेरिकेतील कार व्यवसाय २०१२ मध्ये गुंडाळावा लागला. मोठ्या गाड्यांच्या देशात छोट्या गाड्या बनवणाऱ्याचे काही चालले नाही. भारतात मात्र तिच्या तोडीचे कोणी उरले नाही.

भंडाऱ्याच्या जंगलात ‘जिप्सी’

भंडारा जिल्ह्यात सुझुकीची आणखी एक खूण आहे आणि ती रस्त्यावर नव्हे, जंगलात दिसते. कारध्याहून फार दूर नसलेले कोका अभयारण्य, साकोलीजवळचे नागझिरा, पवनीकडचे उमरेड-कऱ्हांडला. इथे सफारीच्या गाडीला लोक ‘सफारीची गाडी’ म्हणत नाहीत, ‘जिप्सी’ म्हणतात. ‘सकाळची जिप्सी मिळाली का?’ हा पर्यटकांचा नेहमीचा प्रश्न.

मारुती जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली. सुझुकीने १९७० मध्ये जपानमध्ये आणलेल्या ‘जिम्नी’च्याच घराण्यातली ही गाडी. तिचे पहिले इंजिन ९७० सीसीचे होते. पुढे १.३ लिटरचे आले. चारही चाकांना ताकद, मजबूत चौकट आणि तरीही वजन एक टनाच्या आत. म्हणूनच ओल्या नाल्यातून, वाळूतून किंवा चिखलातून जड जीप जिथे रुतते तिथून जिप्सी निघून जाते. पेट्रोल इंजिनाचा आवाजही कमी. लष्कराने आणि पोलिसांनी तिला आपलेसे केले, रॅलीत धावणाऱ्यांनीही केले. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी भारतात आली. नागझिऱ्यातल्या बोलीत मात्र नाव अजून जिप्सीच आहे.

स्विफ्टने नेमके काय बदलले?

१९९३ मध्ये आलेल्या झेनने भारतीय तरुणांना पहिल्यांदा छोट्या गाडीतली गंमत चाखायला दिली होती. तिचे ९९३ सीसीचे इंजिन अॅल्युमिनियमचे होते, गिअर पाच होते आणि गाडी जमिनीला चिकटून पळे. पण तोवर छोटी गाडी म्हणजे ‘मोठी परवडत नाही म्हणून घेतलेली गाडी’ हीच भावना होती.

मे २००५ मध्ये आलेल्या स्विफ्टने ही भावना मोडली. चार लाखांच्या आसपास किंमत असलेली ही गाडी दिसायला युरोपीय होती. गोलसर छत, काळे खांब, टोकाला ढकललेली चाके. ती चालवताना चाक वळवले की गाडी लगेच वळायची. सुरुवातीला १.३ लिटरचे, सुमारे ८७ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते.

पण विदर्भाच्या लांब रस्त्यांवर तिचे नाव झाले ते २००७ मध्ये आलेल्या डिझेलमुळे. फियाटकडून परवाना घेतलेल्या या १,२४८ सीसीच्या इंजिनाची शक्ती ७५ अश्वशक्ती, पण जोर, म्हणजे टॉर्क, १९० न्यूटन मीटर. सोप्या भाषेत, दोन हजार आरपीएमपर्यंत थोडी सुस्ती आणि त्यानंतर पाठीला सीट लावणारा धक्का. ट्रकला ओव्हरटेक करताना हा धक्का उपयोगी पडतो आणि अॅव्हरेजही भरपूर मिळते. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केले. जुनी डिझेल स्विफ्ट शोधणारे लोक आजही आहेत.

स्पर्धेच्या मैदानातही ही गाडी सिद्ध झाली. जागतिक रॅली मालिकेच्या कनिष्ठ गटाचे, ज्युनिअर डब्ल्यूआरसीचे, विजेतेपद २००७ मध्ये स्वीडनच्या पेर-गुन्नार अँडरसनने सुझुकी स्विफ्ट चालवत जिंकले. २०१० मध्ये जर्मनीच्या आरोन बुर्कार्टनेही स्विफ्टवरच हे विजेतेपद मिळवले.

‘चालवायला मजा’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द ढोबळ वाटतो, पण त्यामागे शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र आहे.

१. जडत्व कमी : वस्तू जितकी हलकी, तितकी ती लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि लवकर दिशा बदलते. २०२४ च्या स्विफ्टचे वजन सुमारे ९२० किलो आहे आणि शक्ती जवळपास ८२ पीएस. म्हणजे एका टनामागे साधारण ८९ पीएस. म्हणूनच आकडा लहान असूनही गाडी मरगळलेली वाटत नाही.

२. चाके टोकाला : पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,४५० मिलिमीटर. पुढे-मागे लटकणारा भाग कमी. त्यामुळे वळताना गाडीचे नाक आधी आणि शेपूट नंतर, असे होत नाही. सगळी गाडी एकदम फिरते.

३. कमी जागेत वळण : वळणाची त्रिज्या ४.८ मीटर. भंडाऱ्याच्या बाजारातली गल्ली असो वा धानाच्या बांध्यांमधला एकेरी डांबरी रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घेऊन वळवणे सोपे जाते.

४. कमी वेगातही आनंद : मोठी, ताकदवान गाडी ‘जाणवायला’ १२० चा वेग लागतो. हलक्या गाडीत ५०-६० च्या वेगातही गिअर, स्टिअरिंग आणि रस्ता हाताला कळतात. भारतीय रस्त्यांसाठी हा गुण सर्वांत महत्त्वाचा, कारण मजा घ्यायला कायदा मोडावा लागत नाही.

गिअरचा विषय निघाला म्हणून एक योगायोग सांगायला हवा. कारध्यापासून थोड्या अंतरावर, याच महामार्गावर गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे आणि तिथे ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनतात. ज्या वर्षी सुझुकीने भारताशी करार केला, त्याच वर्षी भंडाऱ्यात गिअर घडवायला सुरुवात झाली. गिअर कसा ‘पडायला’ हवा, हे इथल्या अनेक घरांतील माणसांना कामातूनच ठाऊक आहे.

तक्रारीही आहेत. मे २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचे इंजिन जाऊन तीन सिलिंडरचे १.२ लिटरचे इंजिन आले. शक्ती ९० वरून ८२ पीएसच्या आसपास उतरली. अॅव्हरेज वाढले, कंपनीच्या दाव्यानुसार मॅन्युअल गाडीला लिटरमागे २४.८० किलोमीटर. पण जुन्या इंजिनाचा गुळगुळीतपणा गेला, असे चाहत्यांचे म्हणणे आहे. जगभर विकली गेलेली टर्बो इंजिनाची ‘स्विफ्ट स्पोर्ट’ भारतात मिळालीच नाही, ही दुसरी हळहळ.

परवडते कशी?

पहिले कारण कर. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. म्हणजे भारतानेही जपानच्या केई नियमासारखाच एक नियम केला. या मर्यादेत बसण्यासाठीच २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापल्यासारखी आखूड झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतील पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. आधी तो उपकरासह २९ टक्के होता. यामुळे स्विफ्टची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत सहा लाखांच्या आत आली.

दुसरे कारण इंधन. कारधा ते नागपूर जाऊन-येऊन साधारण १२० ते १३० किलोमीटर. प्रत्यक्षात लिटरमागे २० किलोमीटर मिळाले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर खर्च ६३० ते ६८० रुपये. चार जण असतील तर माणशी दीडशे-पावणेदोनशे. सीएनजी स्विफ्टला कंपनी किलोमागे ३२.८५ किलोमीटरचा दावा करते. मात्र सीएनजी घेण्याआधी आपल्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि डिकीतली जागा गेलेली चालेल का, हे पाहायला हवे.

तिसरे कारण दुरुस्ती. तालुक्याच्या गावातही स्पेअर पार्ट मिळतो आणि ही गाडी न उघडलेला मेकॅनिक सापडणे कठीण. त्यामुळेच विकतानाही किंमत टिकते.

मग अडचण कुठे? सुरक्षितता

आता त्याच वजनाची दुसरी बाजू. हलके करताना गाडी कमकुवत तर झाली नाही ना, हा प्रश्न दहा वर्षांहून अधिक काळ विचारला जातोय आणि तो रास्त आहे.

‘ग्लोबल एनकॅप’ ही संस्था ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवून चाचणी घेते. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या भारतीय स्विफ्टला शून्य तारे मिळाले. २०१८ मध्ये दोन एअरबॅगच्या नव्या स्विफ्टला दोन तारे. २०२२ मध्ये निकष कडक झाल्यावर तिलाच एक तारा.

हे चित्र हळूहळू बदलते आहे. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सर्व व्हेरिएंटना सहा एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा मिळते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्विफ्टची सख्खी बहीण असलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपने प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले. म्हणजे गाडी हलकी असूनही सुरक्षित बनवता येते. ती आधीच तशी का बनली नाही, हा प्रश्न मात्र उरतोच. किमतीच्या स्पर्धेत एअरबॅग ही ‘वरच्या व्हेरिएंटची चैन’ मानली गेली. चालकाची एअरबॅग कायद्याने सक्तीची व्हायला जुलै २०१९ उजाडावे लागले.

वेगाचे गणितही समजून घ्यायला हवे. आदळताना गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात तर वेग २५ टक्क्यांनी वाढतो, पण ऊर्जा ५६ टक्क्यांनी. समोर धानाचे पोते भरलेला ट्रक असेल, तर ९०० किलोच्या गाडीच्या बाजूने कोणतेच गणित उरत नाही. पाच तारेही ६४ च्या वेगाचे आहेत, १०० च्या नव्हेत.

म्हणून या गाडीची मजा वळणात, गिअरमध्ये आणि कमी वेगात आहे. तिला महामार्गावरची रेसची गाडी समजणे ही चूक आहे. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यानेही पट्टा लावणे ही सक्ती आहे, पाहुणचार म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही.

सेकंडहँड स्विफ्ट घेताय? हे नक्की तपासा

भंडारा, गोंदियासारख्या जिल्ह्यांत अनेक घरांत पहिली चारचाकी सेकंडहँड असते आणि स्विफ्ट ही त्यातली नेहमीची पसंती. मजेच्या भरात पुढील गोष्टी विसरू नयेत.

• एअरबॅग आणि एबीएस आहेत का? जुन्या स्विफ्टमध्ये त्या प्रामुख्याने वरच्या व्हेरिएंटमध्ये होत्या. थोडे जुने मॉडेल पण वरचे व्हेरिएंट, हा सौदा अनेकदा शहाणपणाचा ठरतो.

• एअरबॅगचा दिवा पाहा. चावी फिरवली की तो पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही किंवा विझलाच नाही, तर एअरबॅग उघडून गेलेली असू शकते.

• पुरात बुडालेली गाडी ओळखा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात पाणी शिरले होते, हे इथले लोक विसरलेले नाहीत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसते. मॅट उचला, वास घ्या. सीटखालच्या बोल्टला गंज आहे का ते पाहा. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. बुडालेल्या गाडीचे वायरिंग आज चालेल, सहा महिन्यांनी दगा देईल.

• डिझेल असेल तर टर्बोचा आवाज आणि धूर तपासा. पहिल्या धडाक्यात काळा-निळा धूर आला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंदणीला १५ वर्षे होत आली असतील, तर पुनर्नोंदणीचा खर्च किमतीतून वजा करा.

• कागद पूर्ण करा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी. कर्ज होते तर बँकेचा फॉर्म ३५. नुसता स्टॅम्पपेपर म्हणजे मालकी नव्हे. गाडी नावावर झाली नाही, तर दंड आणि अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर राहते आणि विम्याचा दावा अडकतो.

पुढे काय?

ओसामू सुझुकी यांचे २५ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले. भारताने २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले. एका जपानी उद्योजकाचे नाव विदर्भातल्या किती लोकांना माहीत असेल, हा भाग वेगळा. त्यांच्या काटकसरीच्या हट्टाने बनलेल्या गाडीत न बसलेला माणूस मात्र शोधावा लागेल.

त्यांच्यामागे कंपनीसमोरचा पेच जुनाच आहे, पण उलटा झालेला. सुझुकीची ‘ई-व्हिटारा’ ही इलेक्ट्रिक गाडी गुजरातमधील हंसलपूरला बनते आणि तिचे वजन दीड टनाहून जास्त आहे. बॅटरीच इतकी जड, की हलकेपणाची विद्या तिथे सहज लागू होत नाही. ग्राहकही उंच, जड एसयूव्हीकडे वळला आहे. करकपातीने छोट्या गाड्यांना नवा श्वास मिळाला असला तरी तो किती दिवस टिकेल, हे बाजारच ठरवेल.

तोवर कारध्याच्या पुलावरून स्विफ्ट जात राहतील. कोणी नागपूरच्या दवाखान्यात निघालेले, कोणी साकोलीला वरातीत, कोणी पहिल्यांदाच स्वतः चाक हातात धरून पवनीच्या रस्त्याला वळलेले. गाडी कमी पैशांत आनंद देते, हे खरे. तो आनंद घरी पोहोचेपर्यंत टिकवायचा असेल, तर घेताना दोन प्रश्न जास्त विचारा आणि पुलानंतरच्या मोकळ्या रस्त्यावर काटा ८० च्या पुढे जाऊ देऊ नका.